रिकाम्या खुर्चीला नमस्कार

प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात टाइमकीपर पहिल्या रांगेत बसले होते. बस डेपोतून निवृत्त झाल्यापासून घरात त्यांचं कुणी ऐकेना, म्हणून इथे आले होते. प्रशिक्षक बाईंनी बजावलं, "आपले विद्यार्थी वेगवेगळ्या मुलखांतले. त्यांच्या रीती वेगळ्या. हसायचं नाही, मान द्यायचा." कळलं नाही तर विचारायचं, असंही त्या पुढे म्हणाल्या, पण तोवर चहा आला होता.

टाइमकीपरांच्या वाट्याला शिलाईकाम करणाऱ्या एक बाई आल्या. दूरच्या मुलखातल्या, नवरा गेलेला. इथली बोली मात्र गिऱ्हाइकांशी बोलून बोलून पक्की झालेली. पहिल्याच दिवशी त्या बसेचनात. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभ्याच. टाइमकीपरांच्या डोक्यात प्रकाश पडला. ही यांची रीत! त्यांनी उठून खुर्चीला हात जोडले. "या, बसा," म्हणाले. बाई पांढऱ्याफटक पडल्या. टाइमकीपरांना वाटलं, गहिवरल्या.

मग ते रोजचंच झालं. जाता-येता इतर स्वयंसेवकही खुर्चीला नमस्कार ठोकू लागले. बाईंची प्रगती मात्र उलटी. आलेली अक्षरं जायला लागली. टाइमकीपरांचा जीव तुटायचा.

एका संध्याकाळी बाईंनी वही मिटली. "सर, तुम्हाला ते कसे दिसतात? रागावलेले?"

"कोण?"

"माझे मालक. जिवंतपणी मला पुस्तकाला हात लावू दिला नाही त्यांनी. गेल्यावरही दिसायचे. मी मनाची समजूत घालायचे, भास आहे. इथेही त्या खुर्चीपाशी दिसले, तर तुम्हीच त्यांना बसवून घेतलंत."

टाइमकीपर ताडकन उठले. "अहो, तिथे कुणी नाही! मला वाटलं, तुमच्यात अशी रीत असेल."

"आमच्यात अशी कुठली रीत नाही."

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुर्ची उचलायला ते पुढे झाले.

"राहू दे. माझं त्यांनी कधी ऐकलं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही मान दिलात, तुमचं ऐकतील. तुम्हीच सांगा."

टाइमकीपरांनी घसा खाकरला. मग रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "साहेब, उठा आता. त्यांना शिकू द्या."

बाईंनी खुर्चीकडे एकदा पाहिलं. मग वही उघडून लिहायला लागल्या.

"गेले?" टाइमकीपरांनी हळूच विचारलं.

"उठले," बाई मान वर न करता म्हणाल्या. "तुमच्या मागे उभे आहेत. मला खरंच लिहिता येतं का, ते बघतायत."

टाइमकीपरांची मागे वळायची छाती झाली नाही. बाईंची पेन्सिल मात्र थांबली नाही.