घोरपडीची परात

घरातलं म्हातारं माणूस जेवेनासं झालं की आपण काय करतो? आधी रागावतो, मग गोड बोलतो, मग डॉक्टरकडे नेतो. डॉक्टर टॉनिक लिहून देतात. ती बाटली खिडकीत उभी राहिली की आपण निर्धास्त होतो, आपल्याकडून काही कमी पडलं नाही म्हणून. हिंगोलीच्या नव्या वसाहतीत राहणाऱ्या ओमप्रकाश राठोड सरांच्या घरी नेमकं हेच चाललं होतं.

सर ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मूळचे ते सेनगावकडच्या बंजारा तांड्यावरचे. वडील धनसिंग वारले, तेव्हा सरांनी आई भिकाबाईंना शहरात आणलं. तांड्यावर एकटीला कशाला ठेवायचं, लोक काय म्हणतील! आईला मागच्या बाजूची स्वतंत्र खोली दिली. दिवाण दिला, पंखा दिला, जुना टीव्हीही तिथेच लावून दिला. माणसाला याहून जास्त काय लागतं, असं सर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत आणि येणारा-जाणारा मान डोलावी. भिकाबाई मात्र सकाळी अर्धी पोळी खात, संध्याकाळी तीही नको म्हणत. वर्षभरात त्यांच्या अंगावरचं मांस उतरलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रोग काही नाही म्हणाले, पण खाणं असंच राहिलं तर म्हातारी फार दिवस काढायची नाही, हेही स्पष्ट सांगून टाकलं.

सरांना काळजी होती. ती खोटी नव्हती. पण काळजी असणं वेगळं आणि डोळे उघडे असणं वेगळं.

आता सरांच्या दुसऱ्या जिवाबद्दल सांगितलं पाहिजे. घराच्या कंपाउंडचा पाया खोदताना मजुरांना बिळात एक घोरपड सापडली होती. पिल्लूच होतं, शेपटीला पहार लागलेली. मजूर तिला संध्याकाळच्या कालवणात टाकणार होते. सरांनी तिला वाचवलं, हळद भरून जखम बरी केली आणि दोन दिवसांनी सोडू म्हणत ठेवूनच घेतली. असलं जनावर पाळणं कायद्याने गुन्हा आहे हे जीवशास्त्राच्या मास्तराला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? पण आपण पाळत नाही, सांभाळतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

आणि सांभाळलं मात्र असं, की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावं. अंगणाची पूर्वेकडची, सगळ्यात उन्हाची जागा तिला दिली. चारी बाजूंनी जाळी. आत गुडघाभर माती, काळी आणि मुरूम मिसळलेली, म्हणजे तिला उकरता येईल आणि उकरलेलं ढासळणार नाही. एका कोपऱ्यात काळी फरशी, सकाळचं ऊन पिऊन तापणारी. समोरच्या कोपऱ्यात फुटका रांजण आडवा पुरलेला, आत कायम गारवा. चढायला बाभळीचं खोड. खायला नाकतोडे, अंडी, कधी उंदीर. सरांच्या घरात माळकरी शिस्त, अंडं शिजत नसे, पण घोरपडीसाठी ते रोज कागदात गुंडाळून अंडी आणत. आणि मध्यभागी पाण्याने भरलेली स्टीलची मोठी परात, तिला अंग बुडवून बसता यावं अशी.

त्या रविवारी कॉलेजातले दोन-तीन प्राध्यापक घोरपड पाहायला यायचे होते. नेमकी त्याच दिवशी सकाळच्या जीपने सरांची थोरली बहीण शिलाबाई सेनगावहून आली. आई खात नाही असा निरोप तिला गेला होता. पाहुणे आले तेव्हा सरांनी पत्नी पुजाला डोळ्यांनी खूण केली आणि पुजाने मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. हे नेहमीचंच होतं. पाहुण्यांनी आईबद्दल विचारलंच तर "आईंना जरा बरं नसतं" असं सांगायचं ठरलेलं होतं. एरवी घरात ज्यांना जन्मभर याडी म्हटलं, त्या चारचौघांत आई झाल्या होत्या, आणि आईंनी लोकांसमोर गोरमाटी, म्हणजे तांड्याची बोली, बोलू नये असंही त्यांना प्रेमाने समजावून झालं होतं.

शिलाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होती. सर जाळीपाशी उभे राहून रंगात आले होते. लोकांची चूक कुठे होते, तर जनावराला आपल्याला आवडेल असं घर देतात, ते म्हणाले. पेटीत ठेवतात, गादी घालतात, दूध पाजतात, आणि मग ते मरतं कसं म्हणून नवल करतात. ऊन आणि सावली दोन्ही हवी, आणि कधी कुठे जायचं ते तिचं तिने ठरवायला हवं. तिने खाणं सोडलं तर आधी औषध शोधू नका, आधी तिची जागा तपासा.

एका प्राध्यापकाने परातीत बसलेल्या घोरपडीकडे बोट दाखवलं. तिची कात सुटायला आली होती, पाठीवर पांढुरके पापुद्रे दिसत होते. ते काढून का टाकत नाही, असं त्यांनी विचारलं.

"छे, छे! कात हाताने ओढायची नसते," सर म्हणाले. "ओढली की खालचं जिवंत कातडं फाटतं. पाण्यात बसू द्यायचं, वाट बघायची. जे तिच्या अंगाचं आहे ते तिच्याच वेळेने सुटलं पाहिजे."

पाहुणे खूश होऊन चहा पिऊन गेले. एक जण जाता जाता म्हणाला, राठोड सर, पुढच्या जन्मी तुमच्याकडे घोरपड होऊन यावं. सरही मनापासून हसले.

गेट लागल्यावर शिलाबाई उठली. तिने मागच्या खोलीचं दार उघडलं. भिकाबाई दिवाण सोडून खाली फरशीवर, भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. अंगावर फिकट निळी साडी, सारखी खांद्यावरून घसरणारी. खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसत होती. शिलाबाईने आईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुजाला विचारलं, "याडीचा फेटिया-कांचळी कुठं हाय? उन्हात टाकते जरा."

फेटिया म्हणजे तांड्यावरच्या बायांचा घेरदार घागरा, कांचळी म्हणजे आरशांनी मढवलेली चोळी. भिकाबाईंनी लग्नाआधी स्वतःच्या हातांनी ती शिवली होती. आरसा न् आरसा त्यांनी टाक्यात बसवला होता. धनसिंग गेले तेव्हा दागिने उतरले, पण ते कापड अंगावर राहिलं. शहरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाईंनी पुजाला विचारलं होतं, तुमच्याकडे कामाला कुणी आलंय का? त्याच संध्याकाळी सर साडी घेऊन आले होते.

शिलाबाईने पुन्हा विचारलं. तेव्हा पुजाने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग तिची नजर आपोआप अंगणात गेली, त्या परातीकडे.

"भांडेवाली आली होती," ती हळूच म्हणाली. "आरशाच्या कापडाला मोठं भांडं देते म्हणाली. हे म्हणाले, देऊन टाक, तसंही पडूनच आहे."

शिलाबाई खालीच बसली. शिव्या देईल, रडेल असं सरांना वाटलं. ती नुसती परातीकडे बघत राहिली. आईसाठी आपण काय काय केलं ते सर सांगू लागले, दिवाणापासून टॉनिकपर्यंत. आपण कधी वेडावाकडा शब्द काढला नाही हेही सांगितलं, आणि ते खरंही होतं.

"म्या कुठं म्हणते कमी केलं," शिलाबाई म्हणाली. "पण ओम, दिवाण अन् पंखा तू त्या घोरपडीला काहून दिला न्हाईस?"

सरांची नजर जाळीकडे गेली.

"दिला न्हाईस, कारण तिला काय लागतंय ते तू आधी बघितलंस. माती बघितलीस, ऊन बघितलंस. तिनं खाणं सोडलं तर जागा तपासा म्हणून राहिलास पावण्यांला. याडीनं खाणं सोडलं तं तू बाटली आणलीस. तिची जागा कवा तपासलीस?" तिचा आवाज चढला नव्हता. "जनावराची कात ओढू न्हाई, एवढं तुला बराबर ठावं हाय. अन् आपल्या मायची तू एका सांजेला ओढून काढलीस, अन् भांड्यावर दिलीस."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण सरांनी वर्गात कितीदा वापरली असेल! आज ती त्यांच्याच दारात उभी होती. इतके दिवस त्यांना एकच लाज माहीत होती: तांड्याची, आईच्या बोलीची, तिच्या आरशांची. आज दुसरी लाज आली, आणि ती पहिलीसारखी कुणापासून लपवता येईना. आपण आईला सांभाळत नव्हतो, आपण तिला लपवत होतो, हे त्यांना इतकं स्वच्छ दिसलं की डोळे वर उचलवेनात. त्यांना आठवलं, याच बाईने बाजारात ज्वारी विकून त्यांना वसतिगृहात ठेवलं होतं. पहिल्या दिवशी सोडायला आली तेव्हा तिच्या अंगावर हेच आरसे होते, आणि गर्दीत ती हरवेल अशी भीती त्या पोराला कधीच वाटली नव्हती. लांबूनच चमकायची ती.

सर आत गेले आणि आईसमोर फरशीवर बसले. किती तरी दिवसांत ते तिच्यासमोर खाली बसले नव्हते.

"याडी," ते म्हणाले. "तुझा फेटिया... म्या देऊन टाकला. भांडेवालीला."

"ठावं हाय मला," भिकाबाई म्हणाल्या. "म्या इथंच व्हते की. दाराआडून आयकलं."

"मग बोलली काहून न्हाईस?"

भिकाबाईंनी घसरलेला पदर खांद्यावर घेतला. "काय बोलू लेकरा? परात चांगली हाय. जनावराला पाणी पुरतंय."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर सरांना सोसला असता. चाळिशीतला तो माणूस आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला, आणि दारात उभ्या पुजाने पदर डोळ्यांना लावला, कारण दार ओढून घेणारे हात तिचे होते.

त्या दिवशी सरांनी आईला पहिल्यांदा विचारलं, तुला कुठं राहायचं? भिकाबाईंनी थोडा वेळ विचार केला. तांड्यावर, म्हणाल्या, आपल्या घरात, बायांच्या शेजाराला. अन् उन्हाळ्यात इथं येईन, पंखा चांगला हाय.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः वनखात्याच्या कचेरीत गेले आणि घोरपडीबद्दल खरं ते सांगितलं. बोलणी खावी लागली, ती त्यांनी गुमान खाल्ली. वनखात्याच्या लोकांनी घोरपड नेऊन माळावर सोडली. इतकं सुंदर घर दिलं होतं, पण एकदाही मागे न बघता ती दगडांच्या कपारीत शिरली. सर बराच वेळ त्या कपारीकडे बघत राहिले.

भिकाबाईंसोबत सर तांड्यावर गेले तेव्हा शेजारच्या अनुसयाबाईने विचारलं, ही निळी साडी कुणाची गं? सरांनीच सगळ्या बायांसमोर सांगितलं, काय केलं ते, एक शब्द न गाळता. कुणी हसलं नाही. अनुसयाबाईने ट्रंकेतून कापड आणि आरशांची पुडी काढली. गेलेलं कापड परत येणार नव्हतं. तशी शिलाई आता भिकाबाईंच्या डोळ्यांना जमणारही नव्हती. पण बाया पाळीपाळीने टाके घालू लागल्या आणि भिकाबाई समोर बसून त्यांच्या चुका काढू लागल्या. चुका काढता काढता त्यांनी एक अख्खी भाकरी खाल्ली, हे सर्वांत आधी शिलाबाईच्या लक्षात आलं.

पुढच्या उन्हाळ्यात तेच प्राध्यापक पुन्हा सरांकडे आले. अंगणात आता जाळी नव्हती. पूर्वेच्या उन्हात खाटेवर एक म्हातारी बसली होती, अंगावर नवाकोरा फेटिया आणि चमचमणारी कांचळी.

"ही माझी याडी," सर म्हणाले. "म्हणजे आई. आम्ही गोरमाटी बोलतो."

वाचकहो, आपल्याही घरात एखादी मागची खोली असेल. तिथे दिवाण असेल, पंखा असेल, खिडकीत टॉनिकची बाटलीही असेल. माणूस सुखात आहे की नाही, हे आपण काय दिलं त्यावरून ठरत नाही. त्याला काय हवं ते आपण विचारलं का, यावरून ठरतं. आणि आपल्या माणसाची बोली, त्याचं कापड, त्याच्या सवयी लोकांपुढे झाकाव्याशा वाटल्या, तर लाज त्यांची नव्हे, आपली वाटली पाहिजे.

ती परात अजून सरांच्या घरी आहे. पुजा तिच्यात कणीक मळत नाही. ती रोज घासून ओट्यावर उभी ठेवते, येता-जाता दोघांनाही दिसेल अशी.