फोकस असलेलं ताट

लग्नात फोटोवाल्यांनी शेवटच्या पंगतीला बसायचं असतं, आणि शेवटची पंगत बसली की पाठवणी निघते. पाठवणीत सगळे रडतात, म्हणजे आमचं सगळ्यात मोठं काम. तरी आम्ही लग्नात पोटभर जेवतो असं सगळ्यांना वाटतं, आम्ही सोडून.

साजिदभाई फोटो काढतो, मी व्हिडिओ. सीझनभर मी बुंदीचे क्लोजअप घेतले. ती गोड असते असं ऐकून आहे. म्हणून मंठ्याच्या कडूबाआप्पांच्या लेकीच्या, शिवकन्येच्या लग्नात मी सकाळीच ठरवलं, आज बसून गरम जेवायचं.

अडचण वाढप्यांची असते. आम्ही पंगतीत बसलो की ते भाजीची बादली घेऊन आमच्यावरून पुढे जातात. त्यांना वाटतं, पंगतीचा फोटो काढायला खाली बसलेत. मागं एकानं मला थांबून विचारलं होतं, "भेटला का अँगल?"

पण व्हिडिओच्या दिव्याची, म्हणजे फोकसची, गोष्ट वेगळी. तो ज्या ताटावर पडतो तिकडं वाढपी पळत येतात. उद्या व्हिडिओत रिकामं ताट दिसायला नको. मी साजिदभाईला पंगतीत बसवलं आणि फोकस मारला. पुऱ्या आल्या, वांग्याची भाजी आली, बुंदी दोन्हीकडून आली.

त्याला कोणी ओळखलं नाही. सकाळपासून त्याचं तोंड कॅमेऱ्यामागं होतं. कडूबाआप्पांना तो धावड्याकडचा, म्हणजे नवरदेवाकडचा मोठा माणूस वाटला. त्यांनी हात जोडून आग्रह केला आणि त्याला टॉवेल-टोपी घातली. ते पाहून नवरदेवाचे चुलते मच्छिंद्रकाका यांना तो मंठ्याकडचा मोठा माणूस वाटला. आपण कमी पडू नये म्हणून त्यांनी फेटा आणला. टोपीवर फेटा बसत नव्हता, तरी बसवला.

साजिदभाई जेवून उठला. मंग माझी पाळी. तो माझा कॅमेरा घेऊन उभा राहिला, मी बसलो, फोकस पडला, पुरी आली. मी पहिला घास मोडला आणि माईकवर पुकारा झाला, पाठवणीची वेळ झाली, व्हिडिओवाले कुठं आहेत.

बाहेर धावड्याच्या गाड्या चालू झाल्या होत्या. शिवकन्येच्या एका मावशीनं रडायला सुरुवात केली, तर तिला बाकीच्यांनी गप्प केलं. कॅमेरा येऊ दे म्हणाल्या.

मी उठायला लागलो. साजिदभाई जागचा हलला नाही.

"बस राजानंद. मी हललो तर तुला कुत्रं विचारणार न्हाई."

शेवटी सगळी पाठवणीच आम्हाला शोधत आत आली. पुढं शिवकन्या आणि नवरदेव, तिच्या पदराला त्याच्या उपरण्याची गाठ मारलेली. मागं तिची आई गिरिजाबाई, मावश्या, कडूबाआप्पा. मच्छिंद्रकाका मला म्हणाले, उरक जल्दी, धावडा लांब आहे. शिवकन्या माझ्या ताटाकडं बघत होती. सकाळपासून तिच्या पोटात फक्त नवरदेवानं भरवलेला लाडू होता. तोही मी ओठापाशी चार वेळा थांबवला होता.

"दादा, बुंदी आहे का अजून?"

उत्तराची वाट न बघता ती शेजारी बसली. गाठ असल्यामुळं नवरदेवालाही बसावं लागलं. फोकसमध्ये नवरी दिसल्यावर चार वाढपी एकाच बादलीला धरून आले. मच्छिंद्रकाकांनी परत धावडा किती लांब आहे ते सांगितलं.

"मंग तर जेवूनच निघावं लागंल, काका," ती म्हणाली आणि पुरी मोडली.

ती जेवत होती आणि अख्खं लग्न उभं राहून बघत होतं. गिरिजाबाईंनी रडू तयारच ठेवलेलं होतं, पण ते इथंच येईल असं त्यांना वाटलं नसावं. त्या लेकीसमोर खाली बसल्या.

"एवढी भूक लागल्ती तर सांगू न्हाई का गं."

आणि रडायला लागल्या. मंग मावश्या रडल्या. कडूबाआप्पा टॉवेल शोधायला लागले, तो साजिदभाईच्या खांद्यावर होता. शिवकन्या भरल्या तोंडानं रडत होती, पण घास थांबला नव्हता. नवरदेवानं तिच्याकडं मठ्ठा सरकवला.

मी मान वर केली. टोपी, टोपीवर फेटा, आणि त्याखाली कॅमेऱ्याला लावलेला साजिदभाईचा डोळा. त्यानं डाव्या हातानं मला खूण केली.

"सरक थोडा. फ्रेममध्ये येऊन राह्यला."

मी ताटासकट सरकलो. तिथं फोकस नव्हता, कोणी विचारलं नाही. पुरी गरम होती.