उसनी दिलेली वैशी

दादा गेल्यापासून मी रडलेली नाही. भेटायला येणाऱ्या बायका आधी आईच्या गळ्यात पडतात, मग माझ्याकडे बघतात आणि एकमेकींना कोपरानं ढोसतात. पोरगी दगड आहे म्हणतात. म्हणू देत. मला खरंच काही वाटत नाही. जेवण जेवणासारखं लागत नाही आणि झोप झोपेसारखी येत नाही. राग तेवढा शाबूत आहे. तो लहानपणापासून माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो.

रणधीरदादाची गाडी धाराशिवच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली. ट्रॉलीला दिवा नव्हता. त्याच्या खिशातल्या फोनला मात्र साधा ओरखडाही आला नाही. मला त्या फोनचा फार राग येतो.

दादाला जाऊन काही दिवस झाले होते आणि तो फोन दुसऱ्या दिवशी घरातून जाणार होता. तसं आण्णांनी ठरवलं होतं. आण्णा म्हणजे आमचे वडील, बलभीम मिस्त्री. आमच्या तेर गावच्या स्टँडजवळ त्यांचं पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान आहे. जळालेली मोटार आली की आतली तार उपसून फेकायची आणि नवी भरायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. फोनचंही त्यांना तसंच वाटलं. "आतलं समदं पुसून टाकू आन् इंद्रजितला देऊ. चांगली वस्तू पडून ऱ्हायली की खराब हुती," ते म्हणाले. इंद्रजित आमचा चुलतभाऊ, पुण्याला नोकरीसाठी निघालेला.

त्या दुपारी लालबीचाचींचा मुलगा माज आला. शाळेपासूनचा दादाचा दोस्त. त्यांचं गाद्या भरायचं दुकान आहे, त्यामुळे त्याच्या केसांत कायम थोडा कापूस असतो. तो दारातच उभा राहिला.

"काका न्हाईत?"

"दुकानावर गेलेत. बस."

तो बसला नाही. "वैष्णवी, रणधीरच्या फोनात माझं एक जनावर हाय. ते पाहिजे हुतं."

ह्या दोघांना मोबाइलवरच्या एका राक्षसी जनावरांच्या गेमचा भारी नाद. सहा जनावरांची टीम बांधायची आणि दुसऱ्याच्या सहांशी भिडवायची. रविवारी धाराशिवला एका हॉलमध्ये स्पर्धा होती. दोघं जाणार होते, आता माज एकटाच जाणार होता.

"माणूस गेलाय, आणि तुला गेम सुचतोय?" मी म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याचं तोंड एवढंसं झालं. मला त्याचंही काही वाटलं नाही.

"अम्मीनंच धाडलं," तो खाली बघत म्हणाला. "मयताची अमानत घरात ठेवू नये म्हणली. त्याचं बी एक माझ्याकडं हाय. आमी अदलाबदल केली हुती. ज्याचं त्याला परत केलं पाहिजे."

लालबीचाचींच्या पुढं बोलायची आमच्या गल्लीत कुणाची टाप नाही. कुणाची सुई जरी आणली असेल तरी त्या दिवस मावळायच्या आत परत पाठवतात. मी फोन आणला. दादाचं कुलूप मला ठाऊक होतं, कारण त्यानं ते माझ्यापासून लपवायचा फार प्रयत्न केला होता.

गेम उघडला. सहा जनावरं ओळीनं उभी होती आणि प्रत्येकाखाली नाव होतं. पहिला एक काळा रेडा. नाव, आण्णा.

"हे काय?"

माज घाबरत घाबरत माझ्या शेजारी टेकला. "नावं आपली आपल्याला ठेवता येत्यात. ह्यो एकदाच मारतो, पन लई जोरात. मग दोन डाव नुसता बसून ऱ्हातो."

आण्णांचं हे वर्णन कुणी सरकारी कागदावर लिहिलं असतं तरी मी खाली सही केली असती. पुढं एक गुबगुबीत कोंबडी होती, तिचं नाव आई. ती दर डावाला सगळ्यांच्या जखमा थोड्याथोड्या भरते. स्वतःची भरत नाही, ते तिला येतच नाही. शाळेतल्या शांतम्मा बाईपण होत्या, समोरच्याला झोपवायला. आणि कडेला अंगाचं मुटकुळं करून बसलेलं एक खवल्या मांजर. लालबी.

"तू तुझ्या आईचं नाव दिलंस?"

"सगळ्याचा मार तीच खाती की," माज म्हणाला. "सहाच्या सहा मारकी घिऊन चालत न्हाय, वैष्णवी. लोक तिथंच चुकत्यात. एक मार खाणारं लागतं, एक मलम लावणारं, एक पयला वार करणारं. एकाची उणीव दुसऱ्यानं झाकायची. रणधीर त्यात लई हुशार. तास तास नुसता बघत बसायचा, खेळायचा न्हाय."

तसा बसलेला दादा मी पाहिला होता. तेव्हा मी म्हणायचे, काय रे, फोनमध्ये अंडी उबवतोयस का.

माजनं स्वतःचा फोन माझ्या हातातल्या फोनजवळ आणला. अदलाबदलीचा पडदा आला. इकडं लालबी, आणि तिकडून येणारं जनावर हळूहळू उमटलं. एक मुंगूस. अंगावरचा प्रत्येक केस ताठ, तोंडातून जाळ. खाली लिहिलं होतं, वैशी.

मला वैशी फक्त दादा म्हणायचा.

माज माझ्याकडे बघेना. "पयला वार हिचा. हिच्यावानी मारणारं दुसरं न्हाय. पन मार सोसत न्हाय, एका फटक्यात पडती. देताना रणधीर म्हणला, एकटी पडू दिऊ नको हिला. मागं कुणीतरी ठेव."

मी मुंगसाच्या त्या ताठ केसांवरून बोट फिरवलं.

"आणि ही परत दिलीस तर तुझ्या टीमात पहिला वार कोण करणार?"

"बघू."

"बघू काय? हरशील. दुसरं कुठलं तरी दे की. गेमला काय कळतंय?"

"गेमला न्हाय कळत. अम्मीला कळंल."

मी पुन्हा ती ओळ पाहिली. "सगळे आहेत ह्यात. तो स्वतः कुठंय?"

"त्यो कसा असंल?" माज म्हणाला. "त्यो खेळणारा. खेळणारा टीमात नसतो."

मी बटण दाबलं. लालबी गेली, वैशी आली. माज उठला, फोन कपाळाला लावून खिशात ठेवला आणि चपला हातात घेऊनच अंगण ओलांडलं. एका अमानतीपायी पोरानं आपली टीम लंगडी करून घेतली होती. मला त्याचा राग आला. मग राग येतोय ह्याचंच बरं वाटलं.

दिवेलागणीला आण्णा आले. हातपाय धुतले आणि फोन मागितला.

"ह्यो पुसायचा कसा? तुला येतंय न्हवं?"

"येतं. आधी हे बघा."

त्यांनी चष्मा लावला. त्या रेड्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"ह्यो मी?"

"हो."

"काय येतं ह्याला?"

मी सांगितलं, एकदाच मारतो आणि मग दोन डाव बसून राहतो. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. कोंबडीवर बोट ठेवून त्यांनी नुसतं स्वयंपाकघराकडे पाहिलं. मुंगसापाशी आले तेव्हा त्यांना काही सांगावं लागलं नाही. दादा कुठाय, असं त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं, खेळणारा टीमात नसतो म्हणून. त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला आणि पुन्हा लावला.

"मग त्या माजचं कसं? पयला वार करणारं त्याच्याकडं कोण ऱ्हायलं?"

"कुणी नाही."

आण्णांनी फोन उलटासुलटा करून पाहिला. जळकी मोटार खोलल्यावर पाहतात, तसा.

"उद्या त्यांच्या घरी जा," मग ते म्हणाले. "तुझी ती वैशी त्याला उसनी दिऊन ये. खेळू दे पोराला. सांग, काकानं दिली म्हणून. त्याची आई काय म्हणायची न्हाय."

"आणि फोन? इंद्रजित उद्या न्यायला येणार आहे."

"कसा नेईल?" ते माझ्यावर खेकसले. "आपली वस्तू उसनी भाईर गेल्यावर तिचं घर मोडत्यात व्हय? ह्यो फोनच गेला तर वैशी परत कुठं येईल?"

चार्जर दादा अडकवायचा त्या खिळ्यालाच लटकत होता. त्यांनी तो काढला, पिन दोनदा उलटी घातली आणि तिसऱ्यांदा नीट बसवली. फोनवर चार्जिंगची हिरवी खूण आली. ती बघितली आणि मी भिंतीला टेकून रडायला लागले. मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं. दोन डाव आण्णा नुसते बसून राहिले.