पेढे की बर्फी

माझ्याकडे केशर आहे म्हटलं की इथे आखातात, खैतान भागातल्या मराठी बायकांना आधी वाटतं, मांजर असेल. मग कुणीतरी सांगतं की बोआ आहे, अजगरासारखा बिनविषारी साप, आणि गणपतीच्या आरतीचं बोलावणं येईनासं होतं. न येवो. टाळ्या मी घरीही वाजवू शकते.

केशर मी आणि माझी मुलगी समिधा, आम्ही दोघींनी शुक्रवारच्या बाजारातून आणली. समिधा तेव्हा शाळेत होती आणि तिचे बाबा नुकतेच नाशिकला दुसरा संसार थाटायला निघून गेले होते. बोआ एरवी तपकिरी असतात. ही फिकट केशरी, अंगावर काळा ठिपकासुद्धा नाही. विकणारा काशिफ, मला बाजी म्हणजे ताई म्हणणारा, म्हणाला, "पद्मजा बाजी, ये कलर नया है. किसी के पास नहीं मिलेगा."

पण नवा रंग असा तोंडी चालत नाही. तो पुढच्या पिढीत उतरतो हे दाखवावं लागतं, तरच त्याला नाव देता येतं. नाहीतर तो नुसता अपघात. तपकिरी नराशी जुळवून पाहिलं, तर पिल्लं सगळी तपकिरी. समिधाचं तोंड एवढंसं झालं. मी तिला समजावलं की रंग पिल्लांच्या रक्तात लपून बसला असेल. त्यांतला एक नर वाढवून पुन्हा केशरशीच जुळवला, तर साधारण निम्मी पिल्लं केशरी निघतील.

"ईऽ, हर ओन सन?"

"सापांत नातीगोती नसतात गं."

"ओके. केशरी बेबीज झाले की मी जिथे असेन तिथून येणार. नाव मी ठेवणार. प्रॉमिस."

तो नर मोठा होऊन केशरच्या पेटीत जायला चार वर्षं लागली. तेवढ्यात माझी मुलगीही मोठी झाली आणि टोरांटोला गेली. तिथून एकदाही आली नाही. कधी काम, कधी सुट्टी बाबांकडे. मी दिवसभर अहमदी शहरातल्या लॅबमध्ये तेलाचे नमुने तपासते, घरी येऊन केशरच्या पेटीचं तापमान बघते आणि तिच्याशी बोलत बसते. तिला फारसं ऐकू येत नाही ते बरंच आहे, कारण मी तेच तेच बोलते.

या शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, पेटीत डोकावले, तर पिल्लंच पिल्लं; बोआ अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात. अकरा, आणि सगळी केशरी! मी वेड्यासारखी हसत सुटले. फोटो पाठवला. थोड्याच वेळात समिधाचा मेसेज आला: "आई!!! तिकीट काढलं. पुढच्या आठवड्यात येतेय."

काशिफला फोन केला. "मुबारक हो, बाजी! मिठाई खिलाइए."

खिलवणारच होते. आपल्याकडे मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. म्हटलं, जास्त कोण आहेत ते बघूनच ठरवू. पिल्लाच्या शेपटीखाली बारीक बोथट सळई हलकेच सरकवायची. नर असेल तर खोल जाते, मादी असेल तर लगेच अडते. पहिल्या पिल्लाला अडली. "बर्फी," मी मोठ्याने म्हटलं. दुसऱ्यालाही बर्फी. अर्ध्यावर आल्यावर माझं म्हणणं थांबलं. शेवटच्या पिल्लालाही सळई अडली तेव्हा मी फरशीवर बसकण मारली.

सगळी केशरी आणि सगळ्या माद्या. तो नर बाप असता, तर साधारण निम्मी तपकिरी आणि काही नर निघाले असते. हे मी वाचलेलं होतं. क्वचित असं होतं की नर त्याच पेटीत असूनही मादी त्याच्यावाचून, एकटीच पिल्लांना जन्म देते. पिल्लांत बापाचा अंशही नसतो, ती जवळजवळ आईचीच नक्कल. म्हणजे त्या तपकिरी नरात रंग लपलाय की नाही, ते गुलदस्त्यातच राहिलं. सिद्ध काहीच झालं नाही. केशरचा असा संताप आला! चार वर्षं मी त्या ठोंब्याला उंदीर भरवले, आणि या बाईने त्याला विचारलंसुद्धा नाही.

मी गप्प बसले असते तर समिधा आली असती. पिल्लं केशरी होती, फोटो खरा होता. पण मुलीला फसवून बोलवायचं आणि मग आठवडाभर तिच्यासमोर हसत फिरायचं, हे मला झेपलं नसतं. मी फोन लावून सगळं सांगितलं.

ती खदखदून हसली. "वेट, म्हणजे तिला कुणी लागलंच नाही? सो लाइक यू, आई! तुला पण कुणाची गरज नसते." मग म्हणाली, "पण मग प्रूव्ह नाही झालं ना? नाव पण नाही ठेवता येणार. मी नेक्स्ट टाइमच येते ना. ऑफिसात पण खूप चाललंय."

"हो, चालेल" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. इतकी वर्षं मी तेच म्हणत आले आहे.

"नाही चालणार," मी म्हटलं. "रंग गेला खड्ड्यात. मला गरज आहे. मला इथे एकटीला करमत नाही, समिधा. तू ये."

एसीच्या घरघरीत ती हळूच म्हणाली, "आई, मी बोलता बोलता तिकीट कॅन्सल केलं गं. लॅपटॉप समोरच होता."

"मग परत काढ," मी म्हटलं, आणि तिचं उत्तर नीट ऐकू यावं म्हणून भर ऑगस्टात एसी बंद केला.