आईपेक्षा म्हातारी गाडी

मास्तरांनी उभ्या जन्मात गाडी शिकवण्याखेरीज दुसरा धंदा केला नव्हता. अर्धं गाव त्यांच्याकडे गाडी शिकलं होतं आणि उरलेलं अर्धं, त्या शिकाऊ मंडळींमुळे, जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायचं. बायको गेल्यावर दोन वर्षं त्यांनी एकट्याने काढली. आता लेक त्यांना कायमची आपल्या घरी न्यायला आली होती आणि मास्तर कबूल झाले होते, पण एका अटीवर. शिकवण्याची जुनी गाडी तेच चालवत नेणार.

जावयाचं म्हणणं, म्हाताऱ्याच्या हातून किल्ली आधी काढून घ्या. लेक त्याच्याशी भांडून मधला मार्ग काढून आली होती. सगळा रस्ता बाबांनी नीट चालवला, तर किल्ली त्यांच्याकडे राहील. कुठे चूक झाली, तर त्यांनी पुन्हा गाडीला हात लावायचा नाही. मास्तरांनी हसत हसत मान डोलावली. आयुष्यभर दुसऱ्यांची परीक्षा घेतलेल्या माणसाला परीक्षेचं काय भय?

भय होतं. गेल्या वर्षापासून त्यांच्या नजरेच्या बरोबर मधोमध धुकं येऊन बसलं होतं. कडेचं सगळं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं गायब. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी बंद करायला बजावलं होतं. मास्तरांनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

हायवेला लागल्यावर त्यांनी एक संथ ट्रक गाठला आणि त्याच्यामागे बेताचं अंतर ठेवून चालले. ट्रकसारखी वस्तू कुणालाही दिसते. मग मागून एक घोगरा हॉर्न वाजला, आणि लेक लहान मुलीसारखी सीटवर उसळली.

"बाबा, बेडकी!"

पुढे कुठल्याशा शहरात जुन्या गाड्यांचा मेळावा होता म्हणे. एकेक करून त्या गाड्या त्यांना ओलांडून जाऊ लागल्या आणि गाडीत चाळीस वर्षांपूर्वीचा खेळ सुरू झाला. गोल डोळ्यांची ती बेडकी, लांबलचक ती होडी, चौकोनी व्हॅन ती डबलरोटी. नियम एकच होता. गाडी आईपेक्षा म्हातारी हवी. आईचं खरं वय काही केल्या कळायचं नाही, त्यामुळे दर गाडीवर वाद व्हायचा, आणि आई चिडून म्हणायची की मला कशाला जुन्या बाजारात नेऊन बसवता. तोंडाने असं म्हणायची, पण एखादी होडी दिसली की सगळ्यांच्या आधी तीच बोट दाखवायची. लेकीला ते आठवून हसू आलं, मास्तरांनाही आलं, आणि मग बराच वेळ दोघंही आईविषयी बोलत राहिली.

खेळात मास्तर सपाटून जिंकत होते. गाडी आरशात यायच्या आत ते तिचं नाव सांगत. इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखणं हा त्यांचा जन्माचा उद्योग, त्यांना बघायची गरजच नव्हती. लेक मात्र खूश होत गेली. ती म्हणाली, घरी गेल्यावर नवऱ्याला सांगणार आहे, बाबांची नजर माझ्यापेक्षा तेज आहे. मास्तरांना जिंकल्याचा आनंद होता, पण घासात खडा लागावा तसं काहीतरी लागत होतं.

एका वळणानंतर पुढचा ट्रक झटकन उजवीकडे सरकला. का सरकला ते मास्तरांना कळलं नाही. समोर त्यांना मोकळा रस्ता दिसला, मधोमध नेहमीचं धुकं, बाकी काही नाही. कसला आवाजही नव्हता. त्यांनी वेग थोडा वाढवला.

आणि गाडी जागच्या जागी थांबली. मास्तर छातीने स्टिअरिंगवर आदळले.

शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो. मास्तरांनी तो कधी काढला नव्हता. लेकीने तो दोन्ही पायांनी दाबला होता.

ती खिडकीबाहेर बघत बसली. ही मास्तरांचीच शिस्त. ब्रेक दाबावा लागला, तर शिकवणाऱ्याने ओरडायचं नाही, बाहेर बघायचं आणि काय चुकलं ते शिकणाऱ्याने आपल्या तोंडाने सांगेपर्यंत थांबायचं. हजारो पोरांना त्यांनी असं थांबून बोलतं केलं होतं.

कुत्रं आडवं आलं, असं म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. त्यांनी मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने समोर पाहिलं. काहीतरी लाल होतं.

"बेडकी होती का गं?" त्यांनी विचारलं.

"होडी आहे, बाबा. बंद पडलीय. बॉनेट उघडून माणूस उभा आहे."

"रस्त्यात?"

"निम्मी रस्त्यात," ती म्हणाली. "आपल्या गाडीच्या दीडपट लांब आहे."

मास्तरांनी हँडब्रेक ओढला. "मला दिसली नाही," ते म्हणाले. "सकाळपासून एकही दिसलेली नाही. ऐकू येत होत्या."

लेकीने कपाळाला हात लावला. रागवावं की रडावं हे तिला कळेना. होडीचा मालक काचेपाशी येऊन माफी मागू लागला, तर मास्तरांनीच त्याची माफी मागितली. मग ते उतरले, किल्ली लेकीच्या हातात दिली आणि सरळ मागचं दार उघडलं.

"पुढे बसा ना, बाबा."

"नको. पुढे बसलो की पाय ब्रेकवर जाईल."

ती समजली. पोरगं पुरतं तयार झालं की शेवटच्या दिवशी मास्तर मागे बसत. आता ब्रेकवर कुणी नाही, हे त्याला कळावं म्हणून.

लेकीने गाडी हळूच बाजूने काढली आणि पुन्हा वेग घेतला. बऱ्याच वेळाने मागून एक इंजिन धडधडत आलं. मास्तरांनी ते लगेच ओळखलं, पण नाव घेतलं नाही.

"कुठली गं?" त्यांनी विचारलं.

लेक सांगू लागली. निळी आहे, वर पांढरं छत आहे, आत एक म्हातारी बसलीय आणि तिने डोक्याला रुमाल बांधलाय. मास्तर मन लावून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मागच्या सीटवर आपल्याला कोण बघतंय, असं त्यांना वाटलं. पण दर थोड्या वेळाने आरशात बघायचं, हे लेकीला त्यांनीच शिकवलं होतं.