साळूबाईचा आकाशपाळणा

मंगेशला अलीकडे एक वाईट खोड लागली होती. आईला कुणी काही विचारलं की उत्तर तो देऊन मोकळा व्हायचा.

महाडच्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कंबर दुखते का अजून?" तर हा म्हणतो, "नाही डॉक्टर, आता काही त्रास नाही." साळूबाई तपासायच्या टेबलावर आडवी होती. तिथूनच ती म्हणाली, "कंबर माझी का तुझी रे?" डॉक्टर हसले, मंगेशही हसला, पण खोड काही गेली नाही. लुगड्याच्या दुकानात तिची नजर जांभळ्या काठावर होती, आणि याने परस्पर सांगून टाकलं, "आईला फिक्कट दाखवा, वय झालंय." ते फिक्कट लुगडं अजून घडी न मोडता पेटीत पडलं होतं.

आणि विजेवर चालणारी चाकांची खुर्ची आल्यापासून तर विचारू नका. लोक खुर्चीतल्या बाईशी बोलायचे सोडून खुर्चीमागच्या माणसाशीच बोलत, आणि तो माणूस मंगेश असला की त्याचं फावत असे. खुर्चीला मागे दोन मुठी होत्या. मंगेशने त्यांच्या खुंट्या केल्या होत्या. बाजाराची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, स्वतःचं जाकीट, जे हातात असेल ते तिथे अडकवायचं आणि आपण मोकळे हात हलवत चालायचं.

पोरगा वाईट होता असं नव्हे. मुंबईत कुरियरच्या गोदामात दिवसभर खोकी उचलून त्यानेच ती खुर्ची मिळवली आणि वरंधच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीपर्यंत आणून दिली. साळूबाई हे जाणून होती. म्हणून तर इतके दिवस तिने तोंड आवरलं होतं. म्हणजे तिच्या मानाने आवरलं होतं.

दिवाळीच्या सुटीत मंगेश बायकोला आणि लेकीला घेऊन गावी आला. कोलाडच्या अलीकडे 'मौजवन' नावाची मोठी खेळांची बाग नवीन निघाली होती, तिथे जायचं ठरलं. ठरलं म्हणजे मंगेशने ठरवलं.

"आये, तू घरीच थांब," तो म्हणाला. "तिथं तुला करायला काही नाही. उगाच दिवसभर झाडाखाली बसून राहशील."

"झाडाखाली बसायला मी काय म्हस हाय? मी पाळण्यात बसणार."

"पाळण्यात?"

"आकाशपाळण्यात. दिशानं फोनमधी दाखवलाय मला. त्याच्यातला एक डबा रुंद दाराचा हाय, खुर्चीसकट आत जाता येतं. काय गो दिशा?"

बारा वर्षांच्या दिशाने मान डोलावली. मंगेशने लेकीकडे असं पाहिलं की जणू तिने घर पेटवून दिलंय.

त्याला कुठे ठाऊक होतं? साळूबाई लग्न होऊन आली त्या वर्षी महाडच्या छबिन्याच्या जत्रेत तिने पहिल्यांदा आकाशपाळणा पाहिला होता. लाकडी, माणसांनी फिरवायचा, कुरकुरणारा. सासूने तिथल्या तिथे सांगितलं, नवी सून चारचौघांत तंगड्या लोंबकळत बसणार नाही. पुढे सासू गेली, पण तोवर पोरं आली होती. पोरं पाळण्यात बसायची, मग त्यांच्या चपला कोण धरणार? पोरांची पोरं बसायला लागली तेव्हाही तेच. पन्नास वर्षं साळूबाईने तो पाळणा खालून पाहिला, आणि दरवेळी तिच्या हातात कुणाच्या तरी चपला होत्या.

"वर चढायला पायऱ्या असतील तिथं," मंगेश म्हणाला.

"उतारही असंल."

"नसला तर आम्ही उचलू की तुला. त्यात काय?"

"मला उचलायचं नाय," साळूबाई म्हणाली. "ते एकदा झालंय. आता दुसऱ्यांदा उचलाल ते मी मेल्यावर."

जाण्यासाठी चांगूचा छोटा टेम्पो होता. चांगू साळूबाईचा चुलतपुतण्या, पन्नाशीचा, डाव्या पायाने लंगडणारा. टेम्पोत खुर्ची चढवायला त्याने फणसाच्या दोन फळ्या करून ठेवल्या होत्या. फळ्या लावून तो बाजूला उभा राहिला.

"काकी, धरू का?"

"नको. नुसता उभा राहा."

तो नुसता उभा राहिला. साळूबाईने खुर्चीच्या हातावरची दांडी अंगठ्याने पुढे ढकलली आणि ती आपली आपण टेम्पोत चढली.

चांगूच्या त्या लंगड्या पायात साळूबाईचं सगळं कोडं होतं. पाच-सहा वर्षांमागे वाडीला रस्ता नव्हता. भर पावसात साळूबाई गोठ्यात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वाडीत आजारी माणसाला डोलीतून उतरवायची रीत; बांबूला चादर बांधायची, माणूस झोळीत घालायचा आणि घरटी एक गडी येऊन खांदे द्यायचे. एक नियम मात्र कधी मोडला नाही. पुढच्या खांद्याचा माणूस आधी झोळीत वाकून विचारणार, "उचलू?" आणि आतून "उचल" आलं की मगच बांबू वर जाणार, कारण मोडलेल्या माणसाला गैरसावध हिसका बसला तर जीव कळवळतो. साळूबाईचा नवरा कोंडाजी होता तोवर पुढचा खांदा त्याचा असे. माणूस बेशुद्ध असला तरी तो विचारायचा. उत्तर आलं नाही तरी एक श्वासभर थांबायचा. कोंडाजी गेल्यावर तो खांदा चांगूकडे आला.

त्या दिवशी चांगूने विचारलं, "काकी, उचलू?" ती दात आवळून म्हणाली, "उचल रे." खालच्या पऱ्याच्या वाहत्या पाण्यात त्याचा पाय निसटला. चांगू गुडघ्यावर दगडात आदळला, पण बांबू त्याने खांद्यावरून हलू दिला नाही. साळूबाईला धक्कासुद्धा लागला नाही. चांगूचा गुडघा कायमचा गेला.

तेव्हापासून कुणी तिला उचलायला वाकला की साळूबाईला त्याचे गुडघे दिसत. मंगेश तेव्हा मुंबईत होता. तो थेट महाडच्या दवाखान्यात येऊन पोचला. त्या दिवशीची डोली त्याने पाहिलीच नव्हती.

मौजवनाच्या दारात तिकीटवाल्याने साळूबाईच्या डोक्यावरून मंगेशला विचारलं, "आजींचं काढायचं का?"

"ती नुसती बसणार आहे—"

"पुरं तिकीट फाड," साळूबाई म्हणाली. "नि माझ्याकडं बघून फाड."

आत गेल्यावर मंगेश आणि दिशा पाण्याच्या घसरगुंडीवर गेले, नंतर कुठल्याशा भुताच्या घरात गेले. सून सेजल त्यांचे फोटो काढत होती. साळूबाई सगळीकडे खुर्ची घेऊन बरोबर होती, मागोमाग चांगू होता, आणि प्रत्येक खेळानंतर खुर्चीच्या मुठींवर एक पिशवी वाढत होती. ओले कपडे, टॉवेल, चिवड्याचे डबे, दिशाने जिंकलेलं भलंमोठं कापडी अस्वल. अस्वल मांडीवर आलं. साळूबाईची नजर पाळण्यावर होती.

पाळण्याच्या फलाटाला सात पायऱ्या होत्या आणि शेजारी सिमेंटचा चांगला रुंद उतार होता. उतारावर थंड पेयांचे क्रेट रचले होते, वर दोन मोडक्या खुर्च्या आणि एक झाडू.

पाळण्यावरचा माणूस धावत आला. छातीवरच्या बिल्ल्यावर यशराज असं नाव होतं, ते दिशाने आजीला वाचून दाखवलं. "नो प्रॉब्लेम, सर," तो मंगेशला म्हणाला. "चौघं मिळून उचलू. दोन मिनिटांचं काम."

"हो हो, उचलू की," मंगेश म्हणाला, आणि बाह्या सरसावून वाकलाही. त्याने चांगूला हाक मारली, "चांगूदादा, तू मागनं धर."

चांगू जागचा हलला नाही. तो साळूबाईकडे बघत राहिला.

"मंगेश, हात काढ," साळूबाई म्हणाली.

"आये, सात तर पायऱ्या आहेत!"

"सात असू दे नायतर सत्तर. हात काढ." मग ती यशराजकडे वळली. "बाबा, हा उतार कशासाठी बांधलाय?"

"व्हीलचेअरसाठीच आहे, आजी."

"मग ह्याच्यावर बाटल्या का बसल्यात? त्यांचे पाय मोडलेत काय?"

रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं. यशराज म्हणाला, क्रेट हलवायला माणूस नाही, साहेब जेवायला गेलेत, तासाभराने या. साळूबाईने मान डोलावली. दांडी फिरवली. खुर्ची गर्रकन वळून रांगेच्या तोंडाशी, दोन लोखंडी कठड्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आता ना कुणाला आत जाता येत होतं, ना खुर्चीला वळसा घालता येत होता.

"तासभर हितंच बसते," ती म्हणाली. "मला काय घाई नाय. पन्नास वर्षं थांबले हाय."

"आये, लोक बघतायत," मंगेश दातांतून म्हणाला.

"बघू देत. तिकीट काढून आलेत, त्येंना काय तरी बघाया नको?"

खुर्ची ढकलायची म्हटलं तर तिचा अंगठा दांडीवर होता, आणि सत्तरीतल्या म्हातारीचा हात ओढायची हिंमत कुणाची होणार? रांग वाढत गेली. मागून एक पोर रडायला लागलं. पुण्याकडचे एक गृहस्थ पुढे आले, त्यांनी सगळं पाहिलं आणि मुकाट्याने पहिला क्रेट उचलला. मग चांगूने दुसरा. मग रांगेतले चारपाच जण लागले. यशराजही लागला, कारण लाज नावाची चीज त्याच्याकडे होती. पाच मिनिटांत उतार मोकळा झाला. मोडक्या खुर्च्याही गेल्या आणि झाडूही गेला.

साळूबाईने खुर्ची उताराला लावली. ती निम्म्यावर चढली आणि घुं घुं करत थबकली. पुढेही जाईना, मागेही येईना.

"सांगत होतो मी!" मंगेश धावला. "बॅटरी गेली. आता उचलावंच लागेल."

साळूबाईने वर पाहिलं, खाली पाहिलं. इथून उचलून नेलं तर ते सगळ्या जगासमोर. खाली उचलून आणलं तर त्याहून वाईट. पण बॅटरी तिने रात्रभर स्वतः लावून ठेवली होती, हिरवा दिवा पाहून मगच वायर काढली होती. खुर्चीचा काही दोष नव्हता.

"दिशा, हितं ये गो. हे चित्र कसलं?"

दिशाने वाकून पाहिलं. दांडीखालच्या बटणाशेजारी दोन चित्रं होती. "आजी, हे कासव, आणि हा ससा. हळू आणि जोरात. बाबांनी कासवावर ठेवलंय."

"कधीपासनं?"

दिशाने बापाकडे पाहिलं. बाप अस्वलाकडे पाहत होता.

"पहिल्यापासनं," तो अखेर म्हणाला. "तू पडू नये म्हणून."

म्हणजे गेले सहा महिने वाडीचा चढ चढताना ही खुर्ची रडत होती ती अशी!

"सश्यावर लाव," ती नातीला म्हणाली. "नि मागच्या सगळ्या पिशव्या काढ. तुझ्या बापाच्या गळ्यात घाल. हे अस्वल पण."

मुठी रिकाम्या झाल्या. साळूबाईने पदर खोचला, अंगठा पुढे दाबला, आणि खुर्ची असा आवाज करत वर गेली की रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. फलाटाला लागून रुंद दाराचा डबा थांबला होता. आत जाताना चाक जरासं अडखळलं. तिने मागे घेऊन पुन्हा घातलं. यशराजने चाकं पट्ट्यांनी बांधली, बांधण्याआधी त्याने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बांधू का, आजी?"

"बांध," साळूबाई म्हणाली.

दिशा शेजारी बसली. "बाबा, चला!" तिने हाक मारली, पण मंगेश खाली पिशव्यांत गुरफटून उभा होता, आणि घाईत दिशाने काढून टाकलेल्या चपलाही त्यालाच उचलाव्या लागल्या होत्या.

डबा वर निघाला. झाडांचे शेंडे खाली गेले, पत्र्यांची छपरं खाली गेली, हमरस्त्यावरचे ट्रक काडेपेट्यांसारखे झाले. साळूबाईने दक्षिणेला बघितलं. डोंगरामागे डोंगर होते, निळे, एकसारखे. वाडी त्यातल्या कशात होती ते कळत नव्हतं, तरी ती डोळे बारीक करून शोधत राहिली. ते सगळे चढ कोंडाजी खांद्यावर माणसं घेऊन उतरला होता. इथून ते बोटभर दिसत होते.

"आजी, भीती वाटते?"

"गप बस गो. खाली बघ, तुझा बाप केवढा दिसतोय."

खाली मंगेश मान वर करून उभा होता. एका हातात चपला, दुसऱ्या काखेत अस्वल. साळूबाईला त्याची थोडी दया आली. तिला ठाऊक होतं, तिथून पाळणा कसा दिसतो ते.

तीन फेऱ्या झाल्या. डबा फलाटाला लागला तसा मंगेश पिशव्या टाकून वर आला आणि खुर्ची उंबऱ्यावरून काढायला खाली हात घालून वाकला. यशराज पट्टे सोडत म्हणाला, "काय आजी, कसं वाटलं?"

"एकदम मस्त वाटलं तिला!" मंगेश म्हणाला.

साळूबाईने खुर्ची जागच्या जागी थांबवली. रांगेतले सगळे ऐकत होते, आणि तिला ते चालणार होतं.

"मंगेश, खुर्ची आणलीस, लेकाचं काम केलंस. ते मी वाडीभर सांगते. पण आता आयक. तुझा बाप बेशुद्ध माणसालासुद्धा इचारल्याबिगर डोलीला हात लावत नव्हता, नि मी तर चांगली शुद्धीवर हाय. पाय गेलाय माझा, जीभ नाय गेली. इथनं पुढं मला इचारलेलं मीच सांगणार, ससा का कासव ते मीच ठरवणार, नि मला हात लावायच्या आधी तू इचारणार. कसं वाटलं ते ह्या पोराला मी सांगते. तू जा, पिशव्या धर."