गळ्यापर्यंत भरलेला डबा

मित्रांनो, दिसायला मी काही देखणा नाही. एका ट्रकच्या इंजिनाशेजारी, लोखंडी पट्ट्यांनी आवळून बसवलेला मी एक काळा, जुना, ओबडधोबड डबा आहे. माझ्यासारखा डबा दुकानात मिळत नाही, कारण मला कारखान्याने घडवलेले नाही. एका सासऱ्याने आणि जावयाने मला घडवले. त्या दोघांचे कधी कशावर एकमत झालेले घरात कोणी पाहिले नव्हते, म्हणून माझ्या जन्माचे सगळ्यांना फार अप्रूप वाटले. पुढे एके दिवशी माझ्यापायीच दोघांच्या जिवावर बेतले. तीच हकिगत आज तुम्हाला सांगतो.

जावई ट्रक चालवायचा. सासरे जुने मिस्त्री होते, त्यांची सारी हयात इंजिने उघडण्यात आणि जोडण्यात गेली होती. जावई त्यांना मामा म्हणायचा, म्हणून आपणही मामाच म्हणू. ट्रकचे इंजिन वयाने थकलेले होते. असे इंजिन चालताना आतला जळका वायू पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरतो आणि तेलाची वाफ बरोबर घेऊन एका नळीने वर येतो. ती नळी पुन्हा इंजिनाच्या हवेच्या पाइपालाच जोडलेली असते. म्हणजे बिचारे इंजिन आपलीच तेलकट वाफ दिवसभर श्वासात ओढत राहते. जावयाने तो पाइप काढला तेव्हा आत हात घालताच तो कोपरापर्यंत तेलाने माखला.

"नळी कापून खाली सोडून देतो," जावई म्हणाला. "गळू दे रस्त्यावर."

"आणि मागून येणारा सायकलवाला घसरून पडला म्हणजे?" मामा म्हणाले. "त्यापेक्षा मधे एक डबा बसवू. वाफ डब्यात थांबेल, तेल खाली बसेल, हवा तेवढी पुढे जाईल."

जावयाने वाद घालायला तोंड उघडले, आणि मग त्याला ते पटले.

मी तेव्हा भंगारात पडलेल्या एका ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी होतो. मामांनी मला कापले, घासले, बुडाला नवे पत्र्याचे झाकण जोडले. वाफ आत यायला बाजूला एक तोंड, हवा पुन्हा इंजिनाकडे जायला वर दुसरे, आणि साठलेले तेल काढायला तळाशी एक पितळी तोटी. पोटात आडवी भोकाभोकाची जाळी. जाळीवर काय भरावे यावर दोघांचे थोडे वाजले, पण शेवटी जावई घरात गेला आणि भांडी घासायच्या तारेच्या घासण्या ओंजळभर घेऊन आला. त्याच्या मागोमाग मामांची लेक बाहेर आली.

"सगळ्या घासण्या ट्रकला लागल्या, तर मी भांडी नखांनी घासू का?"

"गाळणी पण लागेल चहाची," मामा खाली मान घालूनच म्हणाले. "तारेचा तुकडा सुटून इंजिनात गेला तर सत्यानाश होईल."

लेकीने कपाळावर हात मारला आणि गाळणी आणून दिली. अशा रीतीने एका घराचे स्वयंपाकघर माझ्या पोटात आले.

पहिल्या लांबच्या खेपेनंतर दोघांनी माझी तोटी उघडली. खाली ठेवलेल्या बरणीत सायीसारखे दाट, तपकिरी काहीतरी गळू लागले. जावई उकिडवा बसून बघत राहिला. "मामा, एवढं सगळं इंजिन पीत होतं?" मामांनी माझ्या अंगावर दोनदा थाप मारली. मित्रांनो, ती थाप मी अजून विसरलेलो नाही.

मग माझे चांगले दिवस आले. धाब्यावर दुसरे ड्रायव्हर वाकून मला बघत. मामा मात्र दर मुक्कामाला फोन करून एकच प्रश्न विचारत, "तोटी उघडली का?" थंडीत तर दोनदा विचारत, कारण थंडीत वाफेतले पाणीही माझ्यात साठते. या फोनवरून ड्रायव्हरांनी मलाच 'सासरा' नाव ठेवले. "तुझा सासरा तुंबला की काय?" असे कोणी म्हटले की सगळे खो खो हसत. जावईही हसे.

एकदा मामा घरी आले असताना जावई दारात उभा राहून कोणाशी तरी फोनवर बोलत होता. "अरे, डबा परवडला," तो म्हणाला. "त्याला निदान तोटी आहे. घरातल्या सासऱ्याला तीही नाही." मामा त्याच्या मागेच चप्पल घालत होते. जावयाने वळून पाहिले तोवर मामा फाटकाबाहेर गेले होते.

त्या दिवसापासून फोन बंद झाला. सुरुवातीला जावयाला लाज वाटली, मग सुटल्यासारखे वाटले, आणि मग तो विसरून गेला. आज उघडू, उद्या उघडू असे करता करता माझी तोटी चिखलाने माखली. तारेच्या घासण्या चिकट झाल्या, तेल जाळीपाशी आले, जाळीच्या वर आले. मी भरत होतो, मित्रांनो, आणि मला ओरडता येत नव्हते.

मग मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. डोंगरापलीकडच्या शहरात शस्त्रक्रिया ठरली. लेक म्हणाली, "यांची खेप तिकडेच आहे. बाबा, तुम्ही ट्रकमधूनच जा." दोघांनीही आढेवेढे घेतले, पण तिच्यापुढे कोणाचे काही चालले नाही. ट्रकमध्ये खिडक्यांच्या काचा भरल्या होत्या, खोक्यांत उभ्या रचलेल्या. दोघे शेजारी बसले आणि घाट लागेपर्यंत हवापाण्याशिवाय काही बोलले नाहीत.

घाटात कडाक्याची थंडी होती. चढ लागला तसा ट्रक मागे कलला आणि माझ्या पोटातले तेलही कलले. एका अवघड वळणावर ते थेट माझ्या वरच्या तोंडाला लागले. इंजिनाने ते एका घोटात ओढले.

डिझेल इंजिनाला जळण्यासारखे काही मिळाले की ते पळते, मग ते डिझेल असो वा तेल. जावयाने पाय उचलला तरी इंजिनाचा आवाज चढतच गेला. मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा डोंगर उभा राहिला.

"पाय काढा," मामा म्हणाले.

"काढलाय."

जावयाने किल्ली फिरवली. किल्लीने डिझेल बंद झाले, पण इंजिन आता डिझेलवर चालतच नव्हते. घाबरून त्याने क्लच दाबला आणि ओझे सुटलेले इंजिन किंचाळू लागले. माझे सारे अंग थडथडत होते. मी तेल अडवायचे म्हणून घडलो आणि मीच त्याला तेल पाजत होतो.

"ब्रेक गच्च धरा. वरचा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा." मामांचा आवाज अगदी शांत होता.

जावयाने तसे केले. ट्रकला हिसका बसला, काचा खणखणल्या, क्लच जळाल्याचा वास आला. पण क्लच झिजलेला होता, तो घसरत राहिला आणि इंजिन काही बंद पडले नाही.

"आता हवा तोडायला हवी," मामा म्हणाले आणि त्यांनी पायाखालची जाड रबरी चटई उपसली.

"तुम्ही उतरू नका मामा. तुम्हाला दिसत नाही. त्या बाजूला दरी आहे."

"तुमचा पाय उठला तर गाडी मागे जाईल. मागे हॉर्न वाजतोय. तिथे माणसं आहेत."

हँडब्रेक त्या चढावर भरला ट्रक धरणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. मामा उतरले. दरीच्या काठाचे दगड त्यांच्या पायाखालून निसटल्याचे मी ऐकले. एक हात ट्रकच्या अंगावरून सरकवत, चाचपडत ते माझ्यावरून पुढे गेले. केबिनमागे हवा ओढणाऱ्या पाइपाचे तोंड होते. मामांनी त्यावर चटई दाबली, पण ती एका बाजूने आत ओढली गेली आणि फटीतून हवा शिट्टी घालत राहिली. इंजिन कोणत्याही क्षणी फुटेल असे वाटत होते. मामांनी चटई ओढून काढली, दुहेरी घडी घातली आणि छातीने, खांद्याने, सगळ्या अंगाने तिच्यावर रेलले.

इंजिन गुदमरले. एक आचका, दुसरा आचका, आणि ते थांबले.

घाटात इतकी शांतता पसरली की जावयाचा श्वास मला ऐकू येत होता. "मामा?" तो हाक मारत राहिला. "मामा, बोला ना काहीतरी."

"चाकांमागे दगड लावतोय," पलीकडून उत्तर आले. "पाय उचलू नका अजून."

मागच्या गाडीतली माणसेही दगड घेऊन धावली. तेव्हा कुठे जावई खाली उतरला. मामांच्या सदऱ्याची एक बाही फाटली होती, तळहात सोलवटले होते. जावयाने त्यांचे दोन्ही हात धरले आणि धरूनच ठेवले.

"त्या दिवशी मी फोनवर जे बोललो..."

"मला राग आला होता," मामा म्हणाले. "म्हणून मी विचारायचं सोडलं. तोटी तुंबलीय हे मला कळायला हवं होतं."

"नाही मामा. तोटी माझ्या हातात होती."

मग जावयाने बरणी आणली आणि गुडघ्यांवर बसून माझी तोटी उघडली. तिच्यातला गाळ काडीने काढावा लागला. तेल धारेने वाहू लागले ते बराच वेळ थांबेना. दोघेही बघत राहिले.

काचा दुसऱ्या ट्रकने गेल्या. मागच्याच गाडीतल्या लोकांनी दाटीवाटी करून मामांना शहरात नेले. इंजिन पार उघडावे लागले आणि जावई अनेक आठवडे घरी बसून राहिला. वर्कशॉपवाला म्हणाला, "हा घरगुती डबा फेकून द्या, यानेच घात केला." जावयाने मान हलवली. "डब्याने नाही," एवढेच तो म्हणाला.

नव्या डोळ्यांनी मामा मला बघायला आले. जावयाने मला त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी मला उन्हात धरून फिरवून फिरवून पाहिले आणि ते हसू लागले. "अहो, केवढा वाकडा जोड दिलाय मी हा! आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"मला वाटलं, तसाच असतो," जावई म्हणाला.

दोघांनी मिळून मला पुन्हा उघडले, धुतले, आतली तार बदलली. वरचे तोंड आणखी उंच घेतले आणि तेल कुठवर आले ते दिसावे म्हणून बाजूला काचेची नळी बसवली. मी पुन्हा कामाला लागलो.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणीतरी असते, दुसऱ्यांची घाण मुकाट्याने पोटात घेणारे. कधी ते भांडे असते, कधी यंत्र, कधी माणूस. ते कुरकुर करत नाही म्हणून त्याला जागा उरली आहे असे समजू नका. जाता-येता जरा वाकून बघा, विचारा. आणि कोणी रोज रोज विचारत असेल, तर त्याला हसू नका.